मुंबई आंदण गेली, पण मुळात का?

नमस्कार मंडळी! पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, हे आपण शाळेत घोकलंय. पण एवढं मोक्याचं बंदर कोणी उगाच सोडतं का?

त्यासाठी चला मोरोक्कोत, साल १५७८. पोर्तुगालचा राजा सेबास्तियाव, वय २४, लग्न झालेलं नाही आणि लढाईची खुमखुमी दांडगी. अल्कासेर किबीरला तो मारला गेला. गादीवर बसला त्याचा चुलत आजोबा, आणि तो कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा बडा धर्मगुरू, लग्नच वर्ज्य, म्हणून त्यालाही मूलबाळ नाही! दोन वर्षांत तोही गेला. १५८० मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगालही घशात घातलं.

आता बघा हं. याच फिलिपविरुद्ध त्याच्याच अमलाखालच्या डचांचं, म्हणजे नेदरलँड्सच्या लोकांचं, बंड पेटलेलं होतं. डच व्यापारी मिरी घ्यायचे पोर्तुगालच्या लिस्बनमधून. फिलिपने तिथे त्यांची अडवणूक केली, तर ते म्हणाले, मग दलाल हवाच कशाला? १५९५ मध्ये डच जहाजं थेट जावाकडे निघाली, १६०२ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. भांडण स्पेनशी, मार खाल्ला पोर्तुगीजांनी. मलाक्का गेलं, कोलंबो गेलं, गोव्याच्या तोंडाशी डचांची नाकेबंदी.

युरोप एकजुटीने जग जिंकायला निघाला, असं आपल्याला उगाच वाटतं. माझ्या मते ते एकमेकांवर कुरघोडी करता करताच इथवर पोचले.

१६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटलं खरं, पण जमिनीवर स्पेन आणि समुद्रावर डच, दोघंही उरावर. आरमारवाला सोयरा हवाच होता. म्हणून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी १६६१ चा तह: त्याला बायको म्हणून राजकन्या कॅथरीन, भरपूर रोकड, आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई. बदल्यात इंग्लंडची लष्करी मदत.

पण गोव्याच्या व्हाइसरॉयला, मेलु द कास्त्रुला, हा सौदा अजिबात पटला नाही. त्याने ताबा देण्यात चालढकल लावली. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आणि त्याची पलटण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत राहिली. तिथलं हवापाणी बाधलं. शिपमनसकट बहुतेक जण तिथेच दगावले. उरलेल्या मूठभरांनी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला.

आणि एवढ्या खटाटोपाने मिळालेली मुंबई चार्ल्सने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देऊनही टाकली. भाडं? वर्षाला १० पौंड.