केबल की डीएसएल? आधी भिंत बघा

(जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावापुढे "घरी केबल घ्यावं की डीएसएल?" असं छापलंय, आणि "हे काका उत्तर सांगून खाली कधी बसणार" हा प्रश्न निम्म्या चेहऱ्यांवर मला इथून वाचता येतोय. उत्तर देणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट बरीच वर्षं पोटात आहे, आणि घरी ती कुणी ऐकून घेत नाही. तुम्ही आज सापडला आहात.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या पुण्या-मुंबईच्या घरी फायबर होतं. काही बिघडलं की फोन करायचा, मग पोरगा स्कूटरवरून यायचा, खांद्यावर वायरचं भेंडोळं. इथे आलात, मारामारी करून घर मिळवलं, आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, उरकलं, आणि कंपनीच्या साइटवर पत्ता टाकला तर पुढे दोनच पर्याय. डीएसएल, म्हणजे टेलिफोनची तार. किंवा केबल, म्हणजे टीव्हीची तार. म्हणजे तांबं किंवा तांबं! आई तिकडून व्हिडिओ कॉल करते तेव्हा तिच्यामागच्या कॅलेंडरवरची तारीखसुद्धा वाचता येते, आणि आपण तिला चौकोनी ठिकऱ्यांत दिसतो.

आता घरी गेलात की भिंत बघा. एक चपटी डबी असेल, तीन उभ्या फटींची. ती टेलिफोनची, तिला टीएई म्हणतात. दुसरी गोल भोकांची, टीव्ही आणि रेडिओची; तिला तिसरं भोक असलं तर त्यातून इंटरनेट येतं. या दोन डब्यांच्या कंपन्या आज एकमेकींच्या नावाने जाहिराती करतात. पण दोन्ही तारा मुळात एकाच खात्याने टाकल्या. बुंडेसपोस्ट, सरकारी टपाल खातं.

तर 8 एप्रिल 1981. चॅन्सेलर हेल्मुट श्मिट. त्यांच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की तंत्र तयार झालं की टपाल खात्याने सगळ्या पश्चिम जर्मनीत काचेची तार, म्हणजे फायबर, टाकायची. 1985 पासून दरवर्षी देशाचा तिसावा हिस्सा, वर्षाला 3 अब्ज मार्क, 30 वर्षांत काम पुरं. ऐकताय ना? म्हणजे 2015 ला घरोघरी फायबर. 1981 साली! आपल्याकडे तेव्हा टेलिफोनसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत होती.

पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात सरकार पडलं, हेल्मुट कोल आले. टपालमंत्री झाले क्रिस्टियान श्वार्त्स-शिलिंग. (हेच गृहस्थ पुढे बोस्नियात आंतरराष्ट्रीय समुदायाचे उच्च प्रतिनिधी झाले, पण तिकडे वळलो तर तुम्ही मला हाकलाल.) नव्या सरकारला खाजगी टीव्ही वाहिन्या हव्या होत्या, आणि लवकर हव्या होत्या. काच महाग, वेळखाऊ. मग टाका तांब्याची कोअॅक्स, म्हणजे टीव्हीची तार. 1 जानेवारी 1984 ला लुडविग्सहाफेनमध्ये केबलचा पहिला प्रयोग सुरू झाला, त्याच दिवशी खाजगी टीव्हीही. लोकांना मालिका मिळाल्या. तुमच्या खोलीतली ती गोल डबी त्या मालिकांसाठी बसवलेली आहे, तुमच्या ऑफिसच्या मीटिंगसाठी नव्हे.

आणि याहून मजा पूर्वेकडे झाली. 1990 ला दोन जर्मनी एक झाल्या. पूर्वेकडचं टेलिफोनचं जाळं पार खिळखिळं, तेव्हा म्हणाले नवीनच टाकायचंय तर काचेचंच टाकू. ओपल नावाचं फायबरचं जाळं बऱ्याच वस्त्यांपर्यंत, बर्लिनच्या पूर्वेकडच्या काही मोहल्ल्यांतही नेलं. मग 1999 ला टेलेकोमने, म्हणजे टपाल खात्यातून वेगळ्या झालेल्या टेलिफोन कंपनीने, डीएसएल आणलं, 768 किलोबिटचं. तेव्हाच्या डीएसएलला एक्सचेंजपासून घरापर्यंत सलग तांबं लागायचं. झालं! ज्यांच्याकडे जुनाट तार होती ते इंटरनेटवर उड्या मारायला लागले, आणि ज्यांच्या दारापर्यंत काच आली होती ते मोडेमची किरकिर ऐकत बसले. त्यांतल्या काही ठिकाणी नंतर फायबरच्या शेजारून मुद्दाम तांबं टाकावं लागलं. (हशा) हसा, हसा. मी त्यांतल्याच एका घरात भाड्याने राहिलोय.

तिथून घर बदललं आणि माझा खास अनुभव आला. कंपनीचं नाव घेत नाही, इथे त्यांचे कर्मचारी बसले असतील. टेक्निशियनची वेळ दिली होती सकाळी आठ ते दुपारी चार. सुट्टी टाकली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसत होता, तिथेच खुर्ची टाकून बसलो. आंघोळसुद्धा घाईत, कान बेलकडे. दुपारी मोबाइलवर मेसेज: "ग्राहक घरी आढळला नाही." खाली धावलो तर गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली. इथे बेलवर फ्लॅट नंबर नसतो, आडनाव असतं, हे तुम्हाला एव्हाना कळलंय. माझं आडनाव रोमन लिपीत लिहिलं की सुरुवातीलाच तीन व्यंजनं दाटीवाटीने बसतात. हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याने, पट्टी छापताना त्यातलं एक उडवलं होतं, आणि मी लेखी सांगूनही ते परत बसवलं नव्हतं. फोन केला तर ताई म्हणाल्या, आमच्या नोंदीप्रमाणे त्या नावाची बेलच नाही. मी म्हटलं, बाई, मी त्या बेलशेजारी उभा राहून बोलतोय. त्या म्हणाल्या, पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे, चालेल का?

हे सगळं का सांगितलं? कारण... बरं, चिठ्ठी आली. "सात मिनिटं. वडे तळायला घेतलेत." ठीक आहे, मग पळतो.

केबल की डीएसएल हे जाहिरातीतल्या आकड्यांवरून ठरवू नका. तुमच्या इमारतीत कुठली तार किती चांगली आहे त्यावरून ठरतं. डीएसएलची तार तुमची एकट्याची. रस्त्याकडेला करडी कपाटं दिसतात ना, तिथपर्यंत बहुतेक ठिकाणी आता फायबर आलंय, पुढे तांबं. कपाट जवळ असेल तर सुपरव्हेक्टरिंगवर, म्हणजे डीएसएलच्या वेगवान प्रकारावर, 250 मेगाबिटपर्यंत मिळतं, अपलोड 40. अर्धा किलोमीटर पुढे गेलात की त्या 250 ची हवा गेली. अंतर कसं कळणार? खालच्या मजल्यावर कुणाकडे डीएसएल आणि फ्रिट्झबॉक्स नावाचा राउटर असेल तर त्याच्या पानावर तारेची लांबी अंदाजे दिसते. केक घेऊन जा आणि दाखवा म्हणा.

केबलवर डाउनलोड 1000 पर्यंत विकतात, पण अपलोड बहुतेक ठिकाणी 50 च्या आसपास. आणि ती तार आख्ख्या मोहल्ल्यात वाटलेली, चाळीतल्या सकाळच्या नळासारखी. रात्री आठ-नऊला शेजाऱ्याकडे वेग किती पडतो ते विचारा, दुपारचा नको. आईला तुम्ही स्वच्छ दिसायला हवे असाल तर अपलोड बघायचा. माझं मत विचाराल तर कपाट जवळ असेल आणि घरून काम असेल तर डीएसएल. कपाट लांब, किंवा घरात चार जण एकदम सिनेमे बघणारे, तर केबल. आणखी एक: डीएसएल त्याच तारेवर अनेक कंपन्या विकतात, केबलवर बहुतेक पत्त्यांवर एकच, बऱ्याचदा व्होडाफोन. भांडण झालं तर जायला दुसरी जागा कुठली, हे आधी बघा.

करार पहिल्यांदा जास्तीत जास्त 24 महिन्यांचा, त्यानंतर महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. डिसेंबर 2021 पासून कायदा बदललाय. टेक्निशियन ठरलेल्या वेळी आलाच नाही तर 10 युरो किंवा महिन्याच्या बिलाचे 20 टक्के, जे जास्त असेल ते मागायचं. तक्रारीनंतर दोन दिवसांत दुरुस्ती नाही झाली तरी तिसऱ्या दिवसापासून भरपाई. माझ्या वेळी हे नव्हतं, नाहीतर मी श्रीमंत झालो असतो.

टीव्ही केबलचे पैसे घरमालकाने भाड्याच्या खर्चात धरायची सोय 30 जून 2024 ला संपली. त्यामुळे "सही करा नाहीतर उद्या केबल बंद" म्हणत कुणी दारात आलं तर सही करू नका. केलीच असेल तर 14 दिवसांत लेखी मागे घ्या.

आणि वेग कमी मिळतोय असं वाटलं तर बुंडेसनेट्सआगेन्टुअरचं, म्हणजे फोन-इंटरनेटवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, ब्राइटबांडमेसुंग नावाचं मोफत अॅप लॅपटॉपवर घ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून 30 वेळा मोजायचं, मग बिल कमी करून मागता येतं. मोबाइलवर वायफायने मोजलेलं कुणी धरत नाही, लॅपटॉप वायरनेच राउटरला जोडावा लागतो. वायर नसेल तर मी पिशवीभर आणल्यात, जाताना एकेक घेऊन जा.