उघडा डोळा

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका बाईबद्दल बोलायचंय. नाव आयडा लुपिनो. परत सांगते, आयडा लुपिनो, कारण हे नाव आपल्याकडे फारसं कानावर पडत नाही. जन्म लंडनचा, १९१८ चा. घराणं नाटकवाल्यांचं, वडील स्टॅन्ली लुपिनो तिथले नावाजलेले विनोदी नट. पंधराव्या वर्षी पोरगी हॉलिवूडला गेली, दुसऱ्याच वर्षी पोलिओने अंथरुणाला खिळली, त्यातून उठली आणि पुढे अमेरिकेचीच झाली. १९४१ सालच्या 'हाय सिएरा' या सिनेमाच्या श्रेयनामावलीत, पुढे हॉलिवूडचा बडा नायक झालेल्या हम्फ्री बोगार्टच्याही आधी हिचं नाव आहे. बोगार्टच्या आधी!

पण बाई हट्टी. भूमिका पटली नाही की सरळ नाही म्हणायची. त्या काळी स्टुडिओशी करार म्हणजे नोकरीच. नाही म्हटलं की बिनपगारी बसवून ठेवत. दुसरी असती तर रडत बसली असती. ही मात्र इतरांच्या सेटवर जाऊन बघत बसायची: कॅमेरा कुठे ठेवतात, फिल्म कशी कापतात, जोडतात. तिला वाटायचं, खरं मजेचं काम दुसरंच कुणीतरी करतंय आणि आपण नुसत्या उभ्या. मग १९४९ मध्ये तिच्या स्वतःच्या छोट्या कंपनीच्या पहिल्याच सिनेमाच्या दिग्दर्शकाला हृदयविकाराचा झटका आला. तिने काम हातात घेतलं आणि पडद्यावर नाव त्याचंच राहू दिलं. पुढच्याच वर्षी बलात्काराची गोष्ट सांगितली, तीही 'बलात्कार' हा शब्द न उच्चारता. सेन्सॉर उच्चारू देत नव्हतं.

हे सगळं मी भराभर सांगतेय, कबूल आहे. कारण मला सांगायचाय तो 'द हिच-हायकर'. साल १९५३.

आपल्याकडे एसटीला हात दाखवतात, तिकडे रस्त्याकडेला अंगठा दाखवतात. मतलब एकच: गाडी थांबवा, मला न्या. दोन मित्र मासे धरायला निघालेत, बायकामुलं घरी. वाटेत एकजण अंगठा दाखवतो. हे भले, थांबतात. तो मागे बसतो. अंधारात त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त पिस्तूल पुढे येतं. मग चेहरा उजेडात येतो, आणि तिथून मेक्सिकोच्या वाळवंटात प्रवास.

ही गोष्ट हवेतली नाही. बिली कुक नावाच्या तरुणाने सहा माणसं मारली होती आणि दोघांना असंच पिस्तुलाच्या धाकाने मेक्सिकोत नेलं होतं. १९५१ च्या जानेवारीत तो पकडला गेला. बाई त्या दोघांना जाऊन भेटली, त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं. कुकची एक पापणी जन्मापासून नीट मिटत नसे. बाईने नेमकी तीच उचलली.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्र. उघडं माळरान. दोघे मित्र पांघरुणात गुंडाळून पडलेत. समोर तो मारेकरी टेकून बसलाय, हातात पिस्तूल. तो सांगतो, माझा हा डोळा मिटत नाही, त्यामुळे मी झोपलोय की जागा, तुम्हाला कळायचं नाही. एवढंच. डावा डोळा मिटतो. उजवा उघडाच. श्वास संथ चाललाय. पळावं का? झोपला असेल तर वाचलो. जागा असेल तर? बघणाऱ्यालाही कळत नाही. ना आरडाओरडा, ना रक्ताचा थेंब. एक मिटलेला डोळा, एक उघडा डोळा.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरी एकटीच होते. नंतर उठून दाराची कडी बघून आले. लावलेलीच होती. तरी बघून आले.

दुसरी एक गंमत ऐका. वाटेत भेटणारी मेक्सिकन माणसं स्पॅनिश बोलतात आणि खाली भाषांतराची पट्टी नाही. दोघा मित्रांपैकी एकाला स्पॅनिश येतं, मारेकऱ्याला ओ की ठो कळत नाही. दोन माणसं चार शब्द बोलली की तो पिसाळतो. म्हणजे पिस्तूल असलेला माणूसही घाबरलेलाच आहे, हे तिने भाषेतून दाखवलं.

आणि हे सगळं किती वेळात? एकाहत्तर मिनिटांत. परत सांगते, एकाहत्तर. आज आपण तीन तास खुर्चीत अवघडून बसतो, त्यातली चाळीस मिनिटं नायक नुसता चालत येत असतो, मागे ढोल बडवतात. संकलकाला कात्री देतात की शोभेला ठेवतात, कोण जाणे. असो.

बाईच्या खुर्चीच्या पाठीवर लिहिलेलं असे, 'आम्हा सर्वांची आई'. सेटवर सगळे पुरुष. त्यांना ती हुकूम सोडत नसे. आईची जरा अडचण झालीय रे बाबांनो, असं म्हणून हवं ते करून घ्यायची. लोक याचं कौतुक करतात. मला ते वाचून थोडा रागच येतो. पुरुष दिग्दर्शकाला कधी कुणाचा बाप व्हावं लागलं का? पण काम झालं, हेही खरं. घरात सासूबाई नाही का, 'मला मेलीला काय कळतंय' म्हणत म्हणत सगळं आपल्याच मनासारखं करून घेतात!

त्याच वर्षी तिने दोन बायकांच्या दादल्यावर सिनेमा काढला. एक बायको ती स्वतः, दुसरी जोन फाँटेन. आणि पटकथा लिहिली कॉलियर यंगने, जो आयडाचा आधीचा नवरा आणि जोनचा तेव्हाचा नवरा. तिघांनी मिळून काम केलं आणि सिनेमा पुरा झाला. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत एवढी माणसं धड एका ओळीत बसत नाहीत.

पुढे टीव्हीवर तिने कितीतरी भाग दिग्दर्शित केले. 'ट्वायलाइट झोन' या गूढ-अद्भुत कथांच्या मूळ मालिकेत दिग्दर्शन करणारी बाई ती एकटीच. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला वारली.

वेळ संपत आली, पण त्या उघड्या डोळ्याचं एक राहिलंच. तो मारेकरी झालेला नट विल्यम टालमन. सिनेमा लागल्यावर एकदा तो टप उघडून आपली गाडी चालवत होता. सिग्नलला थांबला. शेजारच्या गाडीतला माणूस टक लावून बघतोय. विचारतो, तो अंगठा दाखवणारा तूच ना? टालमनने मान डोलावली. तो गृहस्थ खाली उतरला, शांतपणे जवळ आला, याच्या थोबाडीत एक ठेवून दिली आणि आपल्या गाडीत बसून निघून गेला. टालमन पुढे म्हणायचा, ऑस्कर काही मला मिळालं नाही, पण ऑस्करच्या सर्वांत जवळ गेलो तो तेव्हाच.

नमस्कार.