फळी चिकटते ती रंगाला

नमस्कार, श्रोतेहो.

पाठीला गोंद लावलेल्या पातळ लाकडी पट्ट्या हल्ली आपल्याकडेही मिळतात. कागद सोलायचा, पट्टी भिंतीवर दाबायची आणि काम झाले, असे विक्रेते सांगतात. पट्टीपुरते ते खरे आहे. भिंतीचे काय, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

गोव्यात डिचोलीला आमच्या काकांचे चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, जुने घर आहे. काही वर्षांपूर्वी चवथीआधी गणपतीच्या खोलीतील मागची भिंत सजवावी, असे त्यांच्या मनाने घेतले आणि ऐन आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना, त्यांनी दोन दुपारी खपून ती सगळी भिंत या पट्ट्यांनी मढवली. भिंत देखणी दिसत होती, यात शंका नाही. श्रावणात एका रात्री त्या खोलीतून टप्प असा आवाज आला, थोड्या वेळाने दुसरा आला आणि पहाटेपर्यंत वरच्या चार ओळी जमिनीवर आल्या होत्या. काका दुकानदारावर संतापले. गोंद बनावट आहे, असे त्यांनी ठरवूनच टाकले.

सकाळी शेजारचे वृद्ध मेस्त, म्हणजे मिस्त्री, आले. त्यांनी पडलेली एक पट्टी उचलून उलटी केली आणि खिडकीजवळ उजेडात धरली. गोंदाच्या प्रत्येक पट्ट्यावर पिवळट डिस्टेंपरचा अखंड पापुद्रा बसला होता, इतका स्वच्छ की त्यावर ब्रशचे फटकारेसुद्धा दिसत होते. मग त्यांनी उघड्या भिंतीवरून तळहात फिरवून तो काकांसमोर धरला. हात पिठात बुडवल्यासारखा पांढरा झाला होता. "भाऊ, गोंदाने आपले काम केले आहे," ते म्हणाले. "फळी रंगाला धरून राहिली, रंगाने भिंत सोडली."

मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, कारण सगळे तंत्र त्या एका वाक्यात आहे. फळी रंगाला चिकटते आणि रंग जेवढा घट्ट, तेवढीच फळी घट्ट. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात तो जमिनीतून ओल वर ओढतो आणि ती ओल रंगाच्या मागे येऊन त्याला सुटा करते. त्या वर्षी गणपतीमागे शेवटी जरीकाठी पातळ लावावे लागले. दिवाळीनंतर मेस्तांनी भिंत पत्र्याने खरवडली, महिनाभर वाळू दिली आणि प्रायमर मारला. जुन्या पट्ट्यांचा गोंद धुळीने निकामी झाला होता, म्हणून त्या बारीक खिळे मारून बसवल्या.

तेव्हा आधी भिंत तपासावी. चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर घट्ट दाबून झटक्याने ओढावा. रंग किंवा भुकटी सुटून आली, तर तो रंग खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीत आहे आणि आधी तिचा बंदोबस्त हवा. छपराची गळती आणि बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा तशाच ठेवून आतून सजावट करण्याची आपल्याकडची सवय मला मुळीच पटत नाही, कारण झाकलेली ओल बुरशीला आणि वाळवीला आयते घर देते.

बाकीचे काम सोपे आहे. पट्ट्या खोक्यातून काढून त्याच खोलीत दोन दिवस आडव्या ठेवाव्यात, कारण लाकूड दमट हवेत रुंदीच्या अंगाने फुगते. नवा रंग असेल, तर तो पुरता वाळण्यासाठी निदान तीन-चार आठवडे द्यावेत. पहिली ओळ लेव्हल लावून आखलेल्या रेषेवरच बसवावी, जमिनीच्या भरवशावर नाही, कारण जुन्या घरांची जमीन क्वचितच सपाट असते. वरच्या ओळीचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नये, प्रत्येक पट्टी सर्व लांबीभर जोराने दाबावी आणि स्विचबोर्डाजवळ कापण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. समईच्या आणि गॅसच्या ज्योतीजवळ ही पट्टी लावूच नये.

आणि हे काम दिवाळीनंतर काढावे, मे संपण्याच्या आत उरकावे. पट्ट्या आणून ठेवल्या असतील, तरी आधी भिंत. भिंतीवरून एकदा तळहात फिरवून पाहावा.

नमस्कार.