बूड, बैल आणि टूरिंग कार

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'दुचाकी ते टूरिंग कार : एक प्रवास'. टूरिंग कार म्हणजे सहलीची नव्हे, शर्यतीत पळवायची मोटार. प्रवास म्हटलं की लोकांना वाटतं आता हा हिमालय दाखवणार. माझा प्रवास सातारा ते इरुंगट्टुकोट्टई एवढाच आहे, आणि तोही बहुतेक वेळा टेम्पोत मागे बसून झालाय.

सुरुवातीलाच एक काम उरकतो. मी शर्यतीत आधी मोटरसायकल आणि आता मोटार पळवतो, म्हणून साताऱ्यात मला एकच प्रश्न विचारतात. लग्नात, दवाखान्यात, आजीच्या तेराव्यालाही विचारला होता. "यवतेश्वरचा घाट किती मिनिटांत चढता?" उत्तर असं आहे, की पुढे एसटी असेल तर एसटीला लागतील तेवढ्या मिनिटांत. घाटात मी ओव्हरटेकसुद्धा जपून करतो. कासला निघालेली सहल, कठड्यावर माकडं, वळणावर सेल्फी काढणारं नवीन जोडपं, यातलं काहीही ट्रॅकवर नसतं. ट्रॅकवर तेच वळण दिवसातून पन्नास वेळा घेता येतं आणि चुकलं तर बाहेर मोकळी जागा असते. घाटात बाहेर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या रांगेतली पोरं हसतायत, त्यांच्यासाठीच सांगतोय.

तर इरुंगट्टुकोट्टई. चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळ. तिथला ट्रॅक 3.7 किलोमीटरचा. गंमत म्हणजे आपल्या साताऱ्याजवळून जो हायवे जातो, पूर्वीचा एनएच 4, आताचा 48, तोच कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत त्या ट्रॅकपाशी जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा चुलतभावाच्या छोट्या हत्तीत माझी 150 सीसीची मोटरसायकल कासऱ्यांनी आवळून बांधली होती. हजारावर किलोमीटर, दोन रात्री. आईने दशम्या दिल्या होत्या, त्या धारवाडलाच संपल्या. त्या रेसमध्ये मी शेवटून तिसरा आलो. मागचे दोघे पडले होते.

आता माझा लाडका मुद्दा, ज्यासाठी मी हे आमंत्रण घेतलं. शर्यत माणूस बुडाने शिकतो. हसू नका. हात, पाय, डोळे हे सगळे नंतर येतात. मागचं चाक सुटायला लागलं ही बातमी डोळ्यांना उशिरा कळते, बुडाला आधी. मोटरसायकलवर तर मधे फक्त सीटचा बोटभर फोम असतो. पाच-सहा वर्षं त्या फोमवर बसलेल्या माणसाला गाडीत बसवलं तर काय होतं, हे मला आज सांगायचंय. पण त्याआधी गाडी आली कुठून ते सांगतो. ते थोडं लांबेल.

2016 साल. एका टूरिंग कार टीमने चाचणी घेतली, वेळ बरी लागली. ते म्हणाले सीट देतो, म्हणजे आमच्या गाडीत पळायची जागा, पण हंगामाच्या खर्चातला वाटा तू आण. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असंच चालतं. मी प्रायोजक शोधायला निघालो आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका बड्या बागायतदारांकडे गेलो. नाव सांगत नाही.

ओसरीवर बसलो. म्हटलं, "मी शर्यतीत गाडी पळवतो. मदत हवी होती." त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "हळू बोला. बंदी आहे."

मंडळी, तेव्हा बैलगाडा शर्यतींवर बंदी होती. 2014 ला आली ती 2021 च्या डिसेंबरात उठली. मला वाटलं ते मोटारींबद्दल बोलतायत. म्हटलं, "नाही हो, आमच्याला परवानगी आहे. रीतसर लायसन आहे."

"लायसन मिळालं?" ते ताडकन उठलेच. "कुणी दिलं? खिल्लार आहेत का?"

"काय खिल्लार?"

"बैल!"

पुढची दहा मिनिटं मी त्यांना समजावत होतो की एकशेदहा घोड्यांची ताकद आहे पण घोडा नाही, आणि बैलही नाही. ऐकून घेतलं त्यांनी. मग एकच प्रश्न विचारला. तो पुढे मी पाच कंपन्यांच्या मीटिंगांना गेलो तरी कुणी विचारला नाही. म्हणाले, "आमचा बैल नंबरात आला की त्याची किंमत दुप्पट होते. तुमची गाडी नंबरात आली की?"

म्हटलं, "निम्मी."

"मग हा धंदा करता कशाला?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. तरी त्यांनी अकरा हजार दिले. अट एकच, त्यांच्या सोन्या बैलाचा फोटो गाडीच्या दारावर लावायचा. लावला. चेन्नईत एका बाजूला टायर कंपन्यांचे लोगो आणि माझ्या डाव्या दारावर झूल घातलेला, गुलाल लावलेला सोन्या. कुणी विचारलं तर मी सांगायचो, आमच्याकडचा मोठा ब्रँड आहे.

पहिलीच रेस. दुसऱ्या लॅपला पुढच्या दोन गाड्यांत फट दिसली. मोटरसायकलवाल्याला फट दिसली की तो विचार करत नाही, घुसतो. मोटरसायकल हँडलपाशी पाऊण मीटर रुंद असते. ही गाडी पावणेदोन मीटरच्या आसपास. मी पाऊण मीटरच्या हिशेबाने घुसलो. डावीकडून जो आवाज आला तो अजून कानात आहे. संध्याकाळी फोन केला, "साहेब, सोन्याचं शिंग गेलं." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "फोटोतलं ना?"

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे विषय आता सुरू करायला हवा.

टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये मिळते तीच चारचौघांसारखी गाडी. आतलं कार्पेट, मागची सीट, एसी सगळं काढायचं, आत लोखंडी पिंजरा वेल्ड करायचा आणि पळवायची. ब्रिटनमध्ये याची राष्ट्रीय स्पर्धा 1958 पासून चालू आहे. आपल्याकडे 2010 ला पोलो कप आला, सगळ्यांना सारख्याच गाड्या, तेव्हा बऱ्याच जणांना हे दार उघडलं. परदेशात अशा शर्यतींच्या अनेक मालिकांत एक नियम असायचा. जिंकलेल्याच्या गाडीत पुढच्या रेसला वजन टाकायचं. पुसेगावच्या मैदानात जिंकलेल्या बैलांच्या जुवावर पोतं ठेवून बघा, काय होतं ते.

आता बुडाचं. मोटरसायकलवर वळणात मागचं चाक घसरलं आणि घाबरून थ्रॉटल, म्हणजे मुठीतला ॲक्सिलरेटर, एकदम सोडला, तर चाक पुन्हा पकड घेतं आणि मोटरसायकल तुम्हाला उसळून फेकते. याला हायसाइड म्हणतात. माझ्या कॉलरबोनमध्ये त्याची पट्टी आहे. एकदा असं पडलं की पाय-हात एकदम सोडायची सवयच जाते. आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत नेमकं हेच लागतं. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे जातं, मागचा भाग हलका होऊन फिरतो. नवखा तिथे पाय उचलतो आणि गोल फिरतो. मोटरसायकलवाल्याला बुडाखाली ते कळलेलं असतं, तो पाय हलकेच दाबून ठेवतो. हीच आमची जमा.

वजा बाजूही आहे. पहिले सहा महिने मी गाडीत वळणाकडे झुकायचो. इंजिनिअर म्हणाला, पट्टा तोडशील, गाडी तुझ्या झुकण्याने वळत नाही. आरसे बघायची सवय नाही, कारण रेसच्या मोटरसायकलला आरसे नसतात. आणि फट, ती सांगितलीच.

जॉन सर्टीझचं नाव सगळे घेतात. मोटरसायकलवर सात जागतिक विजेतेपदं आणि 1964 ला फॉर्म्युला वन, दोन्हीकडे जगज्जेता झालेला तो एकटाच. पण माझा माणूस जॉनी सेकोटो. व्हेनेझुएलाचा. 1975 ला 350 सीसीचा जगज्जेता, वय एकोणीस. पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेला. 1984 ला ब्रँड्स हॅचला अपघातात दोन्ही पाय मोडले. मग तो टूरिंग कारकडे वळला आणि 1994 व 1998 ला जर्मनीतली सुपर टूरिंग स्पर्धा जिंकला. पाय मोडले, बूड शाबूत होतं. एवढाच माझा पुरावा आहे. अजून दोन होते, वेळ नाही.

प्रोफेशनल कधी झालो विचारतात. ज्या वर्षी एंट्री फी मी न भरता टीमने भरली, त्या वर्षी. पगार म्हणाल तर शिकवणीतून घर चालतं.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न बाहेर घेऊ. बाहेर व्हरांड्यात गाडीची सीट ठेवलीय, बसून बघा. माझ्या मापाची आहे, कंबर चौतिसाच्या पुढे असेल तर बसाल, पण काढायला दोघं लागतील. शेजारी ते दारही आहे. बागायतदार साहेब दुसऱ्या रांगेत आहेत, त्यांनी ते अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, तेव्हा आधी त्यांना पुढे जाऊ द्या.