पंधरवडा पाहा, मग गाव निवडा

(एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत झालेलं भाषण, वाचकांसाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. परीक्षा संपत आल्या आहेत आणि घराघरांत एकच विषय निघालाय: यंदा मुलांना घेऊन कुठं जायचं? मी मुलांची निसर्गशिबिरं घेते, त्यामुळे हा प्रश्न मला फोनवर, मंडईत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे गाठतो. मी उलट दोन प्रश्न विचारते. कोणत्या पंधरवड्यात निघणार आहात? आणि बरोबर येणाऱ्यांत सगळ्यांत लहान कोण, सगळ्यांत थोर कोण? ठिकाणाचं नाव त्यानंतर.

आपला उन्हाळा होळीपासून मृगापर्यंतचा, चांगला तीन महिन्यांचा. या तीन महिन्यांत एकच डोंगर चार वेळा वेगळा दिसतो. मार्चमध्ये पळस पेटलेला असतो. एप्रिलअखेर बहावा पिवळा होतो. मेच्या मध्यावर करवंदं काळी पडतात, जाळीत हात घातला की चीक आणि काटे दोन्ही लागतात. मे संपता संपता वळवाच्या एखाद्या सरीनंतर झाडं काजव्यांनी भरतात, आणि पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी आपल्या जंगलांत येऊन शीळ घालू लागतो. तुम्ही दहा एप्रिलला जाणार की पंचवीस मेला, यावर तिथं काय भेटणार हे ठरतं. आपण मात्र हॉटेलाची खोली कधी रिकामी आहे ते पाहून तारीख धरतो, आणि तिथं पोचल्यावर मुलं विचारतात, आता काय करायचं?

दुसरी गोष्ट घड्याळाची. मे महिन्यात लहान मुलं आणि सत्तरीपुढची माणसं बरोबर असतील, तर सकाळी साडेदहा ते दुपारी साडेचार ही वेळ बाहेर काढायची नाही. यात मी कुणालाही सूट देत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं आणि खेळाच्या नादात त्याला तहान कळत नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेलीच उशिरा समजते. दोघांनाही आपण होऊन पाणी द्यावं लागतं, त्यांच्या मागण्याची वाट पाहायची नसते. मूल एकदम गप्प झालं, चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, तर ते दमलंय असं समजून पुढं ओढू नका. सावलीत बसवा, अंग ओल्या फडक्यानं पुसा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. अंग भाजतंय आणि मूल नीट बोलत नाही, तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना गाठा.

याचा अर्थ दिवस दोन तुकड्यांत मिळतो: पहाट ते साडेदहा आणि साडेचार ते रात्र. मधली दुपार आमरस, पत्ते, झोप आणि गोष्टींची. म्हणून मी नेहमी म्हणते, चार दिवसांत चार गावं करू नका. गाव एकच घ्या आणि तिथंच राहा. चार ठिकाणांच्या सहलीत नेमकी दुपार गाडीत जाते. पोरं ओकतात, आजोबांचे पाय सुजतात, आणि प्रत्येक ठिकाणी पोचायची वेळ भर बाराची येते.

आता थंड हवेची ठिकाणं. साधारण हजार मीटर वर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. माथेरान आठशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या पुढं. म्हणजे वर गेलं म्हणून ऊन नाहीसं होत नाही, पण पहाट आणि रात्र फार सुखाची होते. चिखलदऱ्याबद्दल अमरावती-अकोल्याकडची मंडळी हेच सांगतात. खाली पंचेचाळीस असताना वर दुपारी पंखा लागतोच, पण संध्याकाळी गाविलगडाच्या बाजूनं वारा सुटला की अंगणात खाट टाकावीशी वाटते. तिथं कॉफीची झाडं आहेत, ती मुलांना जरूर दाखवा. महाराष्ट्रात कॉफी पिकते यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

या सगळ्यांत लहान मुलांसाठी मला माथेरान सर्वांत आवडतं, आणि त्याचं कारण हवा नाही. दस्तुरी नाक्याला आपली गाडी थांबते. पुढं खासगी मोटारींना बंदी आहे. पाच वर्षांचं मूल रस्त्याच्या मधोमध, बापाचा हात न धरता, लाल मातीतून पळू शकतं, असं ठिकाण आज तुमच्या शहरात कुठं आहे, सांगा मला. आपण घराबाहेर पडल्यापासून ‘कडेनं चाल, गाडी येतेय’ एवढंच बोलत असतो. तिथं पहिल्यांदाच ते बोलावं लागत नाही. तुमच्या लक्षात येईल की आपला स्वरसुद्धा दोन दिवसांत खाली येतो. घोडे मात्र वेगानं येतात, आता ई-रिक्षाही धावतात, तेवढं सांभाळा, आणि कड्यावरच्या पॉइंटांवर मुलाचं मनगट धरा. नेरळहून 1907 सालापासूनची छोटी गाडी आहे, तिची तिकिटं मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर अमन लॉज स्थानकापासून पुढच्या थोड्या अंतराची फेरीही मुलांना पुरते. शनिवार-रविवारी मात्र जाऊ नका. शाळेला सुट्टी असताना मंगळवार का धरत नाही आपण?

समुद्राबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथं जीव जातात.

कोकणात जाणाऱ्या कुटुंबानं दिनदर्शिकेतली तिथी पाहावी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्येलाही तेच, कारण वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण अंदाज पक्का येतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. मुलांना हे गणित शिकवा. दहा वर्षांचं मूल दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांना भरतीची वेळ सांगायला लागतं, आणि अंगठ्याखालच्या वाळूकडं त्याचं लक्ष जातं.

आता याचा उपयोग. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी असते. किनारा लांबरुंद उघडा पडतो आणि खडकांच्या खळग्यांत पाणी साचतं. शंख ओढत चालणारे खेकडे, समुद्रफुलं, कालवं पाहायला यापेक्षा चांगली वेळ नाही. मुंबईकरांना तर यासाठी कोकणातही जायला नको, गिरगाव आणि हाजी अलीच्या खडकांवरही हे जग आहे. पाहायचं, मोजायचं, चित्र काढायचं. उचलून डब्यात भरायचं नाही. पण त्या उधाणाच्या दिवसांत पाण्यात डुंबू नका, कारण उतरतं पाणी जोरानं आत ओढतं. पाण्यात खेळायचंच असेल तर अष्टमी ते एकादशीच्या आसपासची संध्याकाळ बरी. तेव्हा चढउतार कमी असतो आणि पाणी एकतर चढतं असतं किंवा भरतीला टेकलेलं असतं. तेही गुडघाभर पाण्यात, आणि त्या गावचा माणूस जिथं ‘उतरा’ म्हणेल तिथंच. सगळीकडं लाटा फुटताहेत आणि मधला एक पट्टा शांत दिसतोय, तर तो पट्टा सुरक्षित वाटतो. बहुतेक वेळा तिथूनच पाणी परत समुद्रात जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग परता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तर समुद्रात उतरायचंच नाही. एक जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. ज्यांचा जन्म होडीत गेला ते त्याआधीच होड्या वर ओढून शाकारायला लागतात, आणि आपण रबरी चकती घेऊन आत जातो!

आणि वेळास. मंडणगड तालुक्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ते काम 2002 साली सुरू केलं आणि पुढं गावानं ते आपलं मानलं. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडली जातात. हंगाम एप्रिलमध्ये उतरणीला लागतो, म्हणून परीक्षा संपताच निघावं. पिल्लं त्या दिवशी निघतील याची खात्री कुणी देत नाही. मुलांना हे घरूनच सांगून ठेवा. पाहायला गेलो आणि दिसलं नाही, हे मुलांनी सोसायला शिकलं पाहिजे. निसर्ग दाखवायचा तर ही तयारी लागतेच.

गोड्या पाण्याचं बोलले नाही तर आजचं बोलणं अपुरं राहील. दर उन्हाळ्यात धरणात, नदीच्या डोहात, शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. धरणाचं पाणी काठावरून स्थिर दिसतं, पण खाली गाळ असतो आणि उतार एकदम तुटतो. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यावर पाय ठरत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. सहलीसाठी धरणाचा काठ निवडला असेल तर पाण्यात उतरायचं नाही, हे गाडीत बसतानाच ठरवा. पूर्वी गावाकडं सुट्टीत पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून मामा विहिरीत ढकलायचा, आणि सुट्टी संपेपर्यंत पोर सूर मारायला लागायचं. आता मामाची विहीर आटली असेल, पण पालिकेचे तलाव आहेत. यंदा सहलीचे पैसे आणि पोहण्याचा वर्ग यांतलं एकच परवडत असेल, तर डोळे मिटून पोहण्याचा वर्ग घ्या.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे तिकडची कुटुंबं जूनमध्येही फिरतात. त्यांना एक विनंती. पहिल्या पावसाच्या धबधब्याखाली मुलांना नेऊ नका. 2024 च्या तीस जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आपल्या डोक्यावर रिमझिम असली तरी वर डोंगरात काय कोसळतंय ते खाली कळत नाही.

काजव्यांबद्दल माझं मत कडक आहे. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर हजारो काजवे एका लयीत चमकतात. आयुष्यात एकदा तरी मुलांनी हे पाहावं. पण तो प्रकाश म्हणजे नर-मादीची बोलणी आहेत. अळी कित्येक महिने ओल्या पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढते, आणि पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे हाती असतात. त्यात आपल्या गाड्यांचे दिवे, मोबाइलचे फ्लॅश आणि जमिनीजवळच्या माद्या तुडवणारे बूट! कलसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात गाड्यांवर वनखात्याला निर्बंध आणावे लागले, यातच सगळं आलं. जायचं असेल तर मधल्या वारी जा, अंधार पडायच्या आत गावात पोचा, गावातल्या घरीच जेवा आणि राहा. गावच्या माणसाबरोबर, विजेरीवर लाल कागद लावून, पायवाट न सोडता चाला. रात्रीत जाऊन रात्रीत परतायचा बेत असेल तर कृपा करून जाऊ नका. तुमच्या मुलाला त्यातून गर्दी दिसेल, काजवे दिसणार नाहीत.

ताडोब्याविषयी फार विचारतात. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते हे खरं. पण उघड्या जिप्सीत तीन-चार तास, खाली उतरता येत नाही, बोलता येत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला ही शिक्षा आहे. थोडं मोठं होऊ द्या. अजिंठा-वेरूळचंही असंच. वेरूळ सूर्योदयाला उघडतं, ते उन्हाळ्यात जमतं, फक्त मंगळवारी बंद असतं. अजिंठा नऊला उघडतो आणि नालाकृती दरीतला तो काळा दगड अकरापर्यंत तापतो. अजिंठा हिवाळ्यासाठी राखा.

किल्ल्यांवर नेणार असाल तर पहाटे चढून नऊपर्यंत उतरा. अत्तर, सेंट लावू नका आणि वर चूल पेटवू नका. कातळावर आग्या मोहोळं असतात, आणि गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं डोंगर जातो.

शेवटी, ज्यांना यंदा कुठंच जाता येणार नाही त्यांच्यासाठी. घरी कुणी आजारी असेल, पैसे नसतील, रजा नसेल. तुमच्या गच्चीवर वर्षातून दोनदा एक गोष्ट घडते आणि त्यातली पहिली मे महिन्यात येते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. कोल्हापूरला साधारण सहा मे, पुण्याला तेरा-चौदा, मुंबईला पंधरा-सोळा, नागपूरला सव्वीसच्या सुमाराला. पुण्या-मुंबईत वेळ दुपारी साडेबाराच्या आसपास, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. मघाशी मी दुपारी बाहेर पडू नका म्हणाले, त्याला दहा मिनिटांचा हा अपवाद. टोप्या घाला, पाणी प्या, एक सरळ उभा डबा सपाट जमिनीवर ठेवा. त्याच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज त्याच वेळी सावलीचं टोक खडूनं आखत जा. ती सावली रोज थोडी आखडताना दिसेल, त्या दिवशी ती उरणार नाही, आणि नंतर दक्षिणेकडं वाढायला लागेल. नागपूरच्या मावसभावाला फोन करून त्याची तारीख विचारा. तुमची तारीख आणि त्याची तारीख वेगळी का, हा प्रश्न मुलंच काढतील. त्याचं उत्तर शोधायला भिंतीवरचा नकाशा खाली काढावा लागेल.