कपाळावरच्या दोन पट्ट्या

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या या बाळाचं कपाळ केवढं, तर दोन-तीन बोटांएवढं. त्यावर भुवयांच्या वर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या दोन चिकटपट्ट्या. नर्सचं बोट कडेकडेनं कसं फिरतंय, ते बघा. पट्टी जरा उचलली गेली, बाहेरचा उजेड आत शिरला, की आकडा फसवा.

या पट्ट्यांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आत जातो. ऑक्सिजन असलेलं रक्त तो एका प्रमाणात शोषतं, ऑक्सिजन गमावलेलं वेगळ्या. मेंदूतला ऑक्सिजन असा बाहेरून मोजता येतो, हे १९७७ मध्ये शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं. बाळाची कवटी पातळ, त्यामुळे प्रकाशाची वाटही सोपी.

आता हृदयाचं काम हार्ट-लंग मशीनकडे आहे. ते मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टची नजर स्क्रीनवर. रक्तदाब ठीक, पण मेंदूचे दोन्ही आकडे घसरताहेत. सर्जनचा हात थांबतो. डोक्याकडून रक्त परत आणणारी नळी किंचित सरकली आहे. ती नीट बसवताच रेषा पुन्हा वर. या एका क्षणासाठी ही पट्टी लावायलाच हवी.

मात्र याच रेषेवर आंधळा भरवसा ठेवता येत नाही. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या. काही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांमध्ये शरीर १८ अंशांपर्यंत गार करतात. गार मेंदू ऑक्सिजन कमी वापरतो, म्हणून आकडा चढतो. मग शस्त्रक्रियेसाठी काही वेळ मुद्दाम रक्तप्रवाह थांबवला की तो आकडा हळूहळू उतरतो आणि एका पातळीवर सपाट होतो. ही सपाट रेषा म्हणजे सुरक्षितता नव्हे. खेचून घेण्याजोगा ऑक्सिजनच संपत आल्याची ती खूण असू शकते. मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारा ईईजी अशा वेळी मदतीला येत नाही. एवढ्या थंडीत तोही सपाटच.

शिवाय पट्टीला दिसतो तो फक्त कपाळामागचा भाग. मागे किंवा खोलवर काय चाललंय, ते नाही. शिरेतलं रक्त किती, धमनीतलं किती, हे यंत्र गृहीत धरतं, आणि प्रत्येक कंपनीचं गणित निराळं. एकाच बाळावर दोन यंत्रं दोन आकडे देऊ शकतात. म्हणून सुटा आकडा नको, या बाळाचा सुरुवातीचा आकडा आणि त्यापासूनची घसरण बघा.

मेंदूला इजा झालीच, तर बोलण्यातल्या, एकाग्रतेतल्या अडचणी कधी कधी शाळेच्या वयात कळतात.

छाती शिवून झाली. पट्ट्या मात्र काढलेल्या नाहीत. त्या बाळाबरोबर अतिदक्षता विभागात निघाल्या आहेत.