एन्टर दाबल्यावर तो जातो कुठे?

[पडद्यावर: काळं टर्मिनल, लुकलुकता कर्सर]

सी भाषेतला प्रोग्रॅम, जेमतेम दहा ओळींचा. आधी वय विचारतो, मग विचारतो, ‘पुढे जायचं? वाय की एन?’ आपण २५ टाइप करून एन्टर दाबतो. दुसरा प्रश्न पडद्यावर उमटतो आणि उत्तराची वाट न बघताच प्रोग्रॅम संपतो.

कंपायलरनं ओळ गाळलेली नाही. दुसऱ्या स्कॅनएफला, म्हणजे टाइप केलेलं वाचणाऱ्या फंक्शनला, त्याचं अक्षर मिळालं होतं. वय लिहून दाबलेला एन्टर, तेच ते अक्षर.

लिनक्सवर हे नीट पाहता येतं. टाइप केलेलं अक्षर थेट प्रोग्रॅमकडे जात नाही. आधी ते कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, टर्मिनल ड्रायव्हरकडे थांबतं. ओळ पूर्ण होईपर्यंत तो ती स्वतःजवळ ठेवतो. म्हणून तर बॅकस्पेसनं चूक खोडता येते आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. एन्टर दाबला की अख्खी ओळ पुढे सरकते.

[पडद्यावर: एसट्रेसचं आउटपुट, ‘रीड’ची ओळ ठळक]

पुढचा मुक्काम सी लायब्ररीच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात. प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं एसट्रेस लावून प्रोग्रॅम चालवा. लायब्ररी रीडकडे १०२४ बाइट मागते, हाती येतात तीन: दोनचा अंक, पाचचा अंक आणि न्यूलाइन, म्हणजे एन्टरचं अक्षर. स्कॅनएफमधली ‘संख्या वाच’ ही खूण, टक्का-डी, अंक वाचत जाते. न्यूलाइन दिसली की संख्या संपली हे त्याला कळतं आणि ती न्यूलाइन तो बफरमध्येच सोडून देतो. त्यानंतर येणारा टक्का-सी (‘एक अक्षर वाच’) काहीही वगळत नाही, समोर दिसेल ते अक्षर उचलतो. ते अक्षर आकडा म्हणून छापून बघा: १० येईल, म्हणजे न्यूलाइनचा आस्की क्रमांक.

सगळ्यात छोटा उपाय म्हणजे टक्का-सीच्या आधी अवतरणातच एक मोकळी जागा सोडणं. त्या जागेचा अर्थ, आधी येणारे स्पेस, टॅब, न्यूलाइन सगळे गिळून टाक. टक्का-डी आणि शब्द वाचणारा टक्का-एस हे आपणहून करतात, टक्का-सी करत नाही.

बऱ्याच जणांच्या हाताला मात्र इनपुटचा बफर रिकामा करायला एफफ्लश-एसटीडीइन लिहायची सवय असते. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकलेल्यांची तर हमखास. सीच्या प्रमाणकात एफफ्लश आउटपुटसाठी आहे. इनपुटवर तो वापरला तर काय होईल हे प्रमाणक ठरवून देत नाही. लिनक्सच्या टर्मिनलवर बफरमधलं अक्षर जागचं हलत नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीत ते पुसलं जायचं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून तेही बंद झालं.

[पडद्यावर: एकच संदेश सरसर वर सरकत राहतो]

याहून वाईट प्रकार हा. वयाच्या जागी कुणी ‘एबीसी’ टाइप केलं. टक्का-डीला अंक सापडत नाही, स्कॅनएफ शून्य परत देतो आणि तिन्ही अक्षरं बफरमध्ये तशीच राहतात. वय पुन्हा विचारणाऱ्या लूपच्या पुढच्या फेरीत पुन्हा तीच अक्षरं, पुन्हा शून्य. स्कॅनएफची परत आलेली किंमत तपासायचीच, आणि ती चुकीची निघाली तर न्यूलाइन किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) येईपर्यंत एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचारनं उरलेली ओळ उपसून टाकायची. त्यासाठीचा व्हेरिएबल इंट (पूर्णांक) हवा, कॅर (अक्षर) नको. जिथे कॅर अनसाइन्ड असतो, म्हणजे उणे संख्या ठेवत नाही, उदाहरणार्थ एआरएमवरच्या लिनक्सवर, तिथे ईओएफचा उणे एक कधी जुळतच नाही आणि लूप थांबत नाही.

खरं तर माणसाकडून इनपुट घ्यायचं तर स्कॅनएफच्या भानगडीत न पडलेलंच बरं. एफगेट्सनं पूर्ण ओळ वाचा, मग एसटीआरटोलनं आकडा काढा. एक लक्षात ठेवा: आकार २० दिला तर एफगेट्स जास्तीत जास्त १९ अक्षरं घेतो. वाचलेल्यात न्यूलाइन नसेल, तर लांब ओळीचा उरलेला भाग अजून आत आहे.

आणि एन्टरशिवाय, कळ दाबताच अक्षर हवं असेल तर? सेटव्हीबफनं सी लायब्ररीचा बफर बंद करून काही साधत नाही, कारण ओळ अडवून धरलीय कर्नलनं. त्यासाठी टर्मिनलची सेटिंग बदलणाऱ्या टीसीसेटअ‍ॅट्रनं आयकॅनॉन हा ओळ अडवायला सांगणारा फ्लॅग काढावा लागतो. जुनी सेटिंग आधी जपून ठेवा आणि बाहेर पडताना परत लावा. विसरलात आणि टर्मिनल विचित्र वागायला लागलं, तर ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा द्या.